हेझलची शेगडी

मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत हेझल हॅलमने एकूण सव्वीस शेगड्या पाहिल्या. लग्नाआधी तिने एवढे मुलगेसुद्धा पाहिले नव्हते. मुलगा एकच पाहिला होता, डेरिक, आणि तोही गावातली शेवटची बस चुकली म्हणून.

शेगड्या म्हणजे लाकूड जाळायच्या. बिडाच्या, काळ्याकुट्ट, पुढे काचेचं दार असलेल्या, जुन्या घरांच्या फायरप्लेसमध्ये आत सरकवून बसवतात त्या. हडर्सफील्डच्या चढावरच्या त्यांच्या दगडी घराला सव्वाशे वर्षं होऊन गेली होती. रांगेतलं घर, दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंती. पुढच्या खोलीत मूळची फायरप्लेस होती. पण गॅसची हीटिंग आली आणि अख्ख्या रस्त्याने आपापल्या फायरप्लेस फळकुटं मारून बंद केल्या. हॅलमांच्या फळकुटापुढे विजेचा हीटर होता. त्यात प्लॅस्टिकचे कोळसे आणि कोळशांखाली नारिंगी दिवा. दिवा लागला की ऊब आल्यासारखं वाटायचं. येत काही नसे.

त्याच खोलीत डेरिकची आई अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती. हेझलने दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण रांधायचं, आणि घरी येऊन सासूबाईंना भरवायचं, कूस बदलायची, चादरी धुवायच्या. नोकरीतून निवृत्त झाली तेव्हा चारशे पोरं कमी झाली, सासूबाई राहिल्या. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर निदान मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या.

फेब्रुवारीत त्या गेल्या. दवाखान्याची माणसं येऊन खाट परत घेऊन गेली. गालिच्यावर तिच्या चाकांचे चार खड्डे राहिले आणि त्या चार खड्ड्यांच्या मधोमध हेझल उभी राहिली. वय एकाहत्तर. तिला वाटलं, आता आपल्याला काहीही करायचं नाहीये. बसायचंय. पण नुसतं बसलेलं बाईमाणूस दिसलं की कोणी ना कोणी काहीतरी मागतंच. समोर जाळ असला की गोष्ट वेगळी. जाळापुढे बसलेल्या माणसाला रिकामं बसलंय असं कोणी म्हणत नाही.

तिने त्याच दुपारी पेचकस घेऊन फळकुट काढलं. आतून बादलीभर काजळी पडली, पक्ष्यांच्या घरट्याच्या काड्या पडल्या, आणि मागे दगडी चौकटीची काळी पोकळी उघडी झाली. डेरिक दारात येऊन उभा राहिला.

“हे काय आरंभलंयस?”

“मला शेगडी हवीय,” हेझल म्हणाली. “लाकडाची. या हिवाळ्याच्या आत.”

लग्नाच्या एकोणपन्नास वर्षांत तिने इतक्या सरळ शब्दांत काही मागितलं नव्हतं. डेरिकने पोकळीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. मग म्हणाला, “बघू या. नीट बघून घ्यावी लागेल. घाई करून चालायचं नाही.”

आणि मग बघणं सुरू झालं.

दर शनिवारी दोघं गाडी काढून कुठल्या ना कुठल्या शेगड्यांच्या दुकानात जात. डेरिक रेल्वेच्या सिग्नल खात्यात चाळीस वर्षं नोकरी केलेला माणूस, त्याला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. त्याने एक फाइल केली. खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये घेऊन गुणायची आणि चौदाने भागायचं, मग किती किलोवॅटची शेगडी लागते ते कळतं. त्यांच्या खोलीला आलं साडेतीनच्या आतबाहेर. दुकानदार आठ किलोवॅटचं धूड दाखवू लागला की डेरिक फाइल उघडायचा.

“लोक मोठी घेतात,” तो हेझलला समजावून सांगायचा. “मग खोलीत भाजून निघतात. मग हवा बंद करून ती मंद जाळतात. मग काच काळी होते आणि धुराड्यात डांबर साठतं. लहान घ्यावी आणि रसरसून जाळावी.”

हेझलला हे ऐकायला बरं वाटायचं. सासूबाईंच्या अकरा वर्षांत त्यांनी एकत्र बाहेर जाणंच सोडलं होतं. एकाने घरी थांबायलाच हवं असे. आता दुकानातून निघाले की रोपवाटिकेच्या चहाघरात थांबायचे. एक स्कोन, म्हणजे तिथला जाडसर गोड पाव, दोघांत घ्यायचे. डेरिक लोणी लावून मोठा अर्धा तिच्या बशीत ठेवायचा. नवऱ्याने आपल्यासाठी एवढी मेहनत घ्यावी, याचं तिला मनापासून अप्रूप वाटत होतं, आणि ते अप्रूप वाटतंय याची थोडी लाजही.

जूनमध्ये तिला एक आवडली. छोटी, कमानदार दाराची. डेरिकने टेप लावली आणि म्हणाला, वरच्या दगडापासून अंतर दोन इंच कमी पडतंय. जुलैतलीचे पाय आखूड निघाले. ऑगस्टमधलीची मूठ तापते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. सप्टेंबरमधली सगळ्या बाजूंनी चांगली होती, तर ती नॉर्वेची, सुटे भाग मिळायचे नाहीत. दुकानातली मुलगी म्हणाली, “मिळतात की, हे काय, खालच्या कपाटात आहेत.” त्यावर डेरिक म्हणाला, “आज आहेत.”

एप्रिलपासून फाइलच्या पहिल्या पानावर एक ओळ होती: धुराडं साफ करणाऱ्याला फोन. त्या ओळीवर बरोबरची खूण काही होईना. हेझलने विचारलं की तो म्हणायचा, “करतो. आधी शेगडी तर ठरू दे.”

ऑक्टोबर उजाडला. सकाळी खिडक्यांना आतून ओल धरू लागली. हेझल घरात कोट घालून वावरू लागली, आणि एका गुरुवारी तिचा धीर सुटला. रागाने नाही, रागावण्याएवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. डेरिक केस कापायला गेला होता. तिने फोन उचलला, नॉर्वेची शेगडी सांगून टाकली आणि म्हणाली, तुमचा माणूस कधी येईल?

“मंगळवारी दहाला,” दुकानातली मुलगी म्हणाली.

डेरिकला तिने मंगळवारी सकाळी नऊला सांगितलं. तो अंडं खात होता. चमचा खाली ठेवून तो म्हणाला, “मला विचारायचंस तरी.”

“आठ महिने विचारतेच आहे.”

“आज नको. आज पाऊस येईल.”

“माणूस घरात येणारे, डेरिक. पावसात नाही.”

दहाला दुकानाचा माणूस आला, गॅरथ. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, आवाज मात्र हळू. दारातच त्याने बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या, दोन चमचे साखरेचा चहा मागितला आणि फायरप्लेसपुढे गुडघे टेकून आत डोकं घातलं.

“चौकट छान आहे हो, मिसेस हॅलम. असा दगड आता मिळत नाही. दुकानाने मला नुसता पत्ता दिलाय, कोणती शेगडी घेताय?”

हेझलने सांगितलं.

“उत्तम. बहुतेक जण दुप्पट मोठी घेतात. कोणी निवडली?”

“आम्ही दोघांनी,” हेझल म्हणाली आणि डेरिककडे पाहिलं. डेरिक खिडकीतून बाहेर बघत होता. पाऊस नव्हता.

गॅरथने खिशातून एक जाडसर गोळी काढली. ती पेटवली की नुसता पांढरा धूर होतो; तो नीट वर जातो का, कुठे गळतो का, ते बघायचं. त्याने ती पत्र्याच्या झाकणावर ठेवून पेटवली. धूर वर चढला, अगदी सरळ. हेझलला उगाचच भरून आलं. आपल्या घरातून धूर वर जाताना ती पहिल्यांदा बघत होती.

“मी बाहेर जाऊन धुराड्यातून निघतोय का बघतो,” गॅरथ म्हणाला.

तो रस्त्यावर गेला. मान वर करून बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा कपाळाला आठी होती.

“वर काहीच येत नाहीये. घरटं असेल मध्ये. वर जाऊन बघू का?”

जिन्याच्या टोकाला पोचले तर तिथे धूर. माळ्याच्या झाकणाच्या चारी कडांनी पांढरा धूर शांतपणे खाली उतरत होता.

“माळ्यावर जायची गरज नाही,” डेरिक मागून म्हणाला. “तिथे माझं सामान आहे. नाजूक आहे.”

माळा डेरिकचा होता. तिथे त्याची आगगाडी होती. खेळण्यातली म्हटलेलं त्याला खपत नसे, मॉडेल म्हणायचं. त्या मुलखात प्रत्येक रस्त्यावर असा एक तरी पुरुष सापडतो, ज्याने माळ्यावर अख्खी रेल्वे मांडलेली असते, आणि त्याच्या बायकोने शिडीच्या वरच्या पायरीवर पाऊल ठेवलेलं नसतं. हेझलही कधी चढली नव्हती. बोलावलं नव्हतं हे एक, आणि वेळ कधी होता हे दुसरं.

“मिस्टर हॅलम,” गॅरथ म्हणाला, “धूर माळ्यावर येतोय. मला बघावंच लागेल.”

तो चढला. वर बॅटरी फिरली. हेझल जिन्याचा कठडा धरून उभी होती. डेरिक तिच्या शेजारी, नुकत्याच कापलेल्या केसांचा, मान खाली घातलेला. तो जाणतो, हे तिला तेव्हाच कळलं. काय, ते कळायचं होतं.

गॅरथ उतरला. हात पुसले. कुणाशी बोलावं हे त्याला ठरवता येईना, शेवटी तो दोघांच्या मधल्या भिंतीकडे बघून बोलला.

“खाली दोन्ही मजल्यांवर धुराडं आहे. बाहेर छपरावरही आहे. मध्ये माळ्यावर नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“कोणीतरी फोडून काढलंय. खालच्या तोंडावर फरशी ठेवलीय. आणि छपरावरचं जे आहे ना, तुमच्या बाजूचं, ते दोन लाकडी तुळयांवर टेकलंय. टनभर तरी वजन असेल. खालून आधार काहीच नाही.” त्याने बोट दाखवलं. “या खोलीच्या वर. इथे कोण झोपतं?”

“आम्ही,” हेझल म्हणाली.

“आजपासून झोपू नका.”

हेझल डेरिककडे वळली. “कधी?”

डेरिकने मूग गिळले होते ते आठ महिन्यांनी, खरं तर अडतीस वर्षांनी, बाहेर आले. “तू ग्रिम्सबीला होतीस तेव्हा. तुझ्या आईचं ऑपरेशन झालं ते. सहा आठवडे. मी रोज दोन बादल्या विटा खाली नेत होतो. मागच्या अंगणातली पायवाट त्याचीच आहे.”

त्या पायवाटेचं हेझलने तेव्हा कौतुक केलं होतं. शेजारणींना बोलावून दाखवली होती.

“तुळया चांगल्या आहेत,” डेरिक म्हणाला. “रेल्वेच्या आहेत. मी दर वर्षी बघतो. अजून एक सूतही हललेल्या नाहीत.”

“दर वर्षी बघतोस,” हेझल म्हणाली. “आणि खाली येऊन माझ्या शेजारी झोपतोस.”

“मीही तिथेच झोपतो ना, हेझल.”

गॅरथ बिचारा चुळबुळत होता. नवरा-बायकोच्या मध्ये सापडलेल्या पाहुण्यासारखी त्याची अवस्था झाली होती, आणि चहाही खाली राहिला होता. “सगळे असंच करतात,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “आधी शेगडी बघत फिरतात, धुराडं शेवटी. आता इंजिनिअर आणावा लागेल, लोखंडाचा आधार, नगरपालिकेचा कागद. शेजाऱ्यांनाही आजच सांगा, धुराडं दोघांचं आहे. मग विटा परत रचायच्या. वसंताच्या आत काही होत नाही.”

“म्हणजे हा हिवाळा नाही,” हेझल म्हणाली.

“नाही हो. सॉरी.”

गॅरथ गेला. जाताना त्याने झाकणावरची विझलेली गोळीसुद्धा कागदात गुंडाळून नेली. हेझल जिन्यापाशी परत आली आणि शिडीला हात घातला.

“तुझे गुडघे,” डेरिक म्हणाला.

ती चढली. अर्ध्या शिडीवर थांबली, श्वास घेतला, पुन्हा चढली. डेरिक मागोमाग आला आणि त्याने दिवा लावला.

तिला वाटलं होतं एखादं टेबल असेल. अख्खा माळा भरला होता. डोंगर, बोगदे, पूल, स्टेशनं, सिग्नल, आणि कमरेएवढ्या उंचीवर सगळीकडे फिरणारे रूळ. चढावर त्यांचाच रस्ता होता, दगडी घरांची रांग, रंगसुद्धा बरोबर. घरं काडेपेटीएवढी. प्रत्येक घराला धुराडं होतं आणि प्रत्येक धुराड्यातून कापसाचा धूर निघत होता. त्यांच्या घराच्याही.

हेझल ते घर बघत राहिली. मग तिने खऱ्या धुराड्याची जागा शोधली. छपराच्या उतरणीखाली तुटक्या विटांचं बूड लोंबत होतं, खाली दोन जाड तुळया. तुळयांच्या खालून दोन रूळ जात होते. भिंतीपर्यंत जाऊन एक ऐसपैस वळण घेत होते आणि परत येत होते.

“एवढ्यासाठी?” तिने विचारलं.

“काय?”

“हे वळण. एवढ्यासाठी माझं धुराडं फोडलंस? रूळ अलीकडून वळवता आले नसते?”

डेरिकने खरोखरच विचार केला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. न बोलणारा होता. “आले असते,” तो म्हणाला. “पण मग वळण अरुंद झालं असतं. एक्सप्रेसला वेग कमी करावा लागला असता.”

हेझलला हसू आलं. हसायला घेतलं आणि मध्येच ते संपलं. ती एका खोक्यावर टेकली.

“आठ महिने, डेरिक. तू मला सव्वीस शेगड्या दाखवल्यास. टेप लावून लावून दाखवल्यास. पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?”

“वाटलं, तू कंटाळशील. दमशील आणि सोडून देशील.” तो एका सिग्नलची दांडी उगाच बोटाने सरळ करत होता. “आणि मग शनिवार यायला लागले. तू गाडीत बोलायचीस. आई गेल्यापासून, छे, त्याच्या कितीतरी आधीपासून तू अशी बोलली नव्हतीस. मला वाटायचं, चालू राहू दे आणखी एक आठवडा. मला ते शनिवार आवडत होते, हेझल.”

“मलाही आवडत होते,” ती म्हणाली. तिला सगळ्यांत वाईट याचंच वाटलं. दर शनिवारी स्कोनचा मोठा अर्धा खाताना ती समजत होती, की हा आपल्यासाठी शेगडी शोधतोय. तो ती न सापडण्याची तजवीज करत होता. तिच्या आयुष्यात तिच्यासाठी म्हणून झालेली ती एकुलती एक खटपट होती, आणि तीही आतून पोकळ निघाली.

“मी दमेन असं तुला वाटलं,” ती म्हणाली. “डेरिक, मी दमलेलीच होते. म्हणून तर शेगडी मागितली.”

खाली रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गेली आणि कापसाचा धूर हलकासा थरथरला. डेरिकने पटकन वर तुळयांकडे पाहिलं. आपण बघितलं हे तिने पाहिलंय, हेही त्याला कळलं.

त्या दिवशी दोघांनी मिळून गाद्या खाली आणल्या, मागच्या खोलीत. शेजारी नझीरसाहेबांना डेरिकने स्वतः जाऊन सांगितलं आणि उतरलेल्या चेहऱ्याने परत आला. संध्याकाळी हेझलने धाकट्या बहिणीला, जूडिथला, फोन केला. जूडिथ स्कारबरोला समुद्रापाशी राहते. तिच्याकडे गॅसची शेगडी आहे, बटण फिरवलं की पेटते. दिसायला अगदीच सामान्य.

“किती दिवस राहशील?” जूडिथने विचारलं.

“हिवाळा,” हेझल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डेरिक तिला स्टेशनवर सोडायला आला. बॅग त्यानेच उचलली. सकाळी लवकर उठून तो माळ्यावर गेला होता. त्याच्या बाहीला कापूस चिकटला होता. त्या वळणाचे रूळ काढून झालेत, असं तो म्हणाला. बाकीचं सगळंच काढावं लागेल, लोखंडाला जागा हवी. इंजिनिअर सोमवारी येतोय. हे सगळं तो गाडीत, सिग्नलला, पार्किंगमध्ये, तुकड्यातुकड्याने सांगत होता, आणि ती “बरं” म्हणत होती.

“जेवणाचं बघशील?” तिने विचारलं. विचारल्यावर तिला स्वतःचाच कंटाळा आला.

“बघेन. अंडी येतात मला.”

गाडी आली. खरी गाडी, चार डब्यांची, सात मिनिटं उशिरा. त्याने बॅग दारात ठेवली आणि हात मागे घेतला नाही.

“परत येशील ना, हेझल?”

हो म्हणणं सोपं होतं. एकोणपन्नास वर्षं ती जे सोपं असेल ते म्हणत आली होती, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. तिने त्याच्या हाताखालून बॅग ओढून घेतली.

“आधी शेगडी पेटव,” ती म्हणाली. “मग फोन कर.”